धाकटीचं जपानी सासर

परवा सकाळी आमच्या गल्लीत हळद होती. धुळ्याच्या देवपुरात हल्ली हळद कमी आणि डीजे जास्त. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या की समजायचं, नवरदेव पाटावर बसला. मी पोळ्या लाटत होते. दोन-तीन हिंदी गाणी झाली आणि मग ढोलाच्या दणक्यात ती ओळ आली.

हिदा देशी बरफ पडे, जसा पिंजेल कापूस,
लेक माही चाले त्यात, तिले फिरायाची हौस.

खाली एकच गिल्ला झाला. हिदा हे गाव आहे की मिठाई आहे, हेही ज्यांना ठाऊक नाही ती सगळी माणसं हात वर करून कापूस पिंजल्यासारखी नाचायला लागली. नाचायची ही रीतही गाण्याबरोबर मोबाइलवरूनच आली आहे. शेजारची मुलगी मला बोलवायला वर आली. "मावशी, या ना नाचाले! हाई गानं बठ्ठासले पाठ शे."

सगळ्यांना पाठ आहे हे खरं, पण मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. दुखतात हे खरंच आहे, पण ते कारण नव्हतं. ते गाणं माझ्या आईनं रचलेलं आहे आणि त्यातली लेक म्हणजे माझी धाकटी बहीण. हे मी गल्लीत कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर माझाही सत्कार करतील, आणि सत्काराचा मला आता वीट आला आहे.

माझं माहेर असोद्याचं. जळगावहून रिक्षानं हाकेच्या अंतरावर, केळी आणि कापसाचं गाव. मी लग्न होऊन धुळ्याला आले, इथल्या एका शाळेत मुलांना मराठी शिकवलं आणि निवृत्त झाले. इकडची अहिराणी कानाला सवयीची झाली, पण चिडले की अजून असोद्याचीच, पाळीला पायी आणि ओळीला ओय म्हणणारी बोली तोंडात येते. अलीकडे ती वरचेवर येते.

आमच्याकडे दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. बाकीचा महाराष्ट्र त्या दिवसाला अक्षय्य तृतीया म्हणतो आणि सोनं घेतो. आमच्याकडे त्या दिवशी सासरच्या लेकी माहेरी येतात, लिंबाला झोका बांधतात, पुरुष ओट्यावर पत्ते कुटतात आणि बायका झोक्यावर गाणी म्हणतात. गौराईची गोड गाणी आधी होतात. ती संपली की खरी गाणी सुरू होतात. आमच्या गल्लीची रीत अशी की एकेका लेकीनं पाळीनं झोक्यावर बसायचं आणि सासरचं गाऱ्हाणं गायचं. ती जी ओळ म्हणेल ती खाली उभ्या असलेल्या सगळ्यांनी झेलायची, म्हणजे तिच्यामागून तशीच्या तशी म्हणायची. ओळ पटो न पटो. तिच्या सासूची सख्खी बहीण खाली उभी असली तरी तिलाही झेलावी लागते. वर्षभर जे बोललं असतं तर घरात आकांत झाला असता ते त्या दिवशी सगळ्या गल्लीच्या तोंडून वदवून घेता येतं. झोका थांबला की मग कुणी मनात धरायचं नाही.

आणखी एक गोष्ट होती. एखादी लेक गाऱ्हाणं न गाता सासरचं नुसतं कौतुकच गायला लागली की म्हाताऱ्या बायका अस्वस्थ व्हायच्या. आमच्या शेजारच्या काकूचं म्हणणं असायचं, "जी लई वाखाने, तिचे हात पाहा." मी परकरात असताना एकीला असं झोक्यावरून उतरवून, बांगड्या वर सारून तिचे हात पाहिलेले मला आठवतात. हातांवर डाग होते. तिचा भाऊ त्याच संध्याकाळी पत्ते टाकून तिच्या सासरी गेला.

धाकटी माझ्याहून बरीच लहान. तिचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत मोडलं. का मोडलं ते इथं उगाळत नाही. ती बॅग घेऊन परत आली, एवढं पुरे. त्या वर्षी आखाजीला ती नेहमीसारखी झोक्यापाशी उभी होती. तिच्या आधीची उतरली. धाकटीनं दोर धरायला हात पुढे केला आणि झोका तिच्या मागच्या बाईकडे गेला. कुणी दुष्टपणा केला नाही, कुणी काही बोललंही नाही. जिला सासरच नाही ती गाऱ्हाणं कुणाचं गाणार, इतका साधा हिशोब. तिनं पुढे केलेला हात ओढणीला पुसला आणि घरात जाऊन सांजोऱ्या तळायला बसली. पुढे प्रत्येक आखाजीला ती सांजोऱ्याच तळत बसली. खरं तर तिच्या हातच्या सांजोऱ्या चांगल्या होत नसत, फुटायच्या.

ती भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायची आणि जळगावला एका दवाखान्यात रुग्णांची देखभाल करायला जायची. भाऊ आमच्या दोघींच्या मधला. त्याची केळी आहे, जळगावात शेतीच्या औषधांचं दुकान आहे. तो वाईट माणूस नाही. वाईट नसलेली माणसं जेवढं वाईट करून जातात तेवढं वाईट माणसांना जमत नाही. वहिनी आल्या-गेल्याला सांगायची, "ननंद आहे, सध्या इथंच असते." त्या 'सध्या'ला आठ वर्षं झाली. माझी आई, आम्ही तिला माय म्हणतो, त्या घरात असून नसल्यासारखी होती. रात्रंदिवस काही ना काही निवडत बसलेली.

मग कुणीतरी धाकटीला सांगितलं की जपानात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला माणसं हवी असतात. ती पुण्याला राहून ती भाषा शिकली, परीक्षा दिल्या. भाऊ तेव्हा म्हणायचा, "म्हताऱ्यायचं हागमूत काढाले इतक्या लांब?" व्हिसा आला त्या दिवसापासून तो म्हणायला लागला, "माही बहीन जपानले असते." वाक्य तेवढंच, पण म्हणताना छाती पुढे यायची. परत आलेल्या बहिणीचं काय करायचं हे कोडं असं परस्पर सुटलं, सातासमुद्रापार.

तिला काम मिळालं ते हिदा नावाच्या मुलखात. जपानच्या पोटात डोंगरांनी वेढलेला हा भाग आहे. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि माय स्वच्छ पातळ नेसून फोनपुढे बसायची. धाकटी सांगायची, इथं गवताच्या छपरांची जुनी घरं आहेत. छपरं इतकी उतरती की लांबून नमस्कारासाठी जोडलेले हात वाटतात. नदीकाठी सकाळी बाजार भरतो आणि म्हाताऱ्या बायका लोणची विकतात. पाणी असं की तळचा गोटा दिसतो. वसंतात आपल्या जळगावच्या रथासारखे उंच रथ निघतात, लाकडावर सोन्याचं काम केलेले. आणि बर्फ. सांगता सांगता ती फोन खिडकीकडे फिरवायची आणि आम्हाला डोंगर दाखवायची. आम्ही सगळे म्हणायचो, वा! फोन पुन्हा तिच्या चेहऱ्याकडे वळायच्या आत बहुतेक वेळा बोलणं संपलेलं असायचं.

ती कामाला होती त्या वृद्धांच्या घरात एक म्हातारी होती. मिठातले मासे लादून डोंगर ओलांडणाऱ्या माणसांचं जुनं गाणं ती दिवसभर गुणगुणायची. धाकटीनं ते एकदा फोनवर गाऊन दाखवलं. माय ऐकत होती आणि तिचं अंग आपोआप पुढेमागे व्हायला लागलं. "हे तं झोक्याचं हाये," ती म्हणाली. खरंच होतं. चढणीवर दम घेत चालणाऱ्या माणसांची ती चाल होती, झोका वर जाऊन क्षणभर अडकतो आणि मग खाली येतो तशी. मायनं ती तिथल्या तिथे उचलली. म्हातारीनं धाकटीच्या हाती एक बाहुलीही दिली होती. तिकडच्या आज्या नातींसाठी शिवतात ती लाल कापडाची बाहुली, हात-पाय आहेत, पण तोंडावर काहीच नाही. नाक नाही, डोळे नाहीत. धाकटीनं ती मायसाठी पार्सलनं धाडली आणि सांगितलं की ती मुद्दामच तशी असते. ज्यानं त्यानं आपल्या मनात असेल तो चेहरा तिच्यात पाहायचा.

मायला हे पटेना. आमच्याकडे कानबाई बसवतात तेव्हा नारळालासुद्धा डोळे काढतात, नथ घालतात. "बिनडोयाच्या बाईले पुजू कशी?" म्हणून तिनं काजळानं त्या बाहुलीला डोळे काढले, कुंकू लावलं आणि तोंडही काढलं, हसरं. मग ती गौराईच्या शेजारी पाटावर बसवली.

त्या आखाजीला माय स्वतः झोक्यावर बसली. हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सुरकुतल्या हातांनी दोर धरून म्हणाली, "धाकटीची पायी हाये. तिचं सासर आता हिदा. तिची पायी मी घेते." आणि त्या परक्या चालीवर तिनं गायला सुरुवात केली.

छप्पर तठचे घरायचे, जसे जोडेल हात,
लेकीले माह्या वाढती, बशीभर भात.

नितय पानी नदीचं, तयी दिसे गोटा,
सासर माह्या लेकीचं, नही कशाचा तोटा.

बायकांनी ओळी झेलल्या. मी पण झेलल्या. मला कळलं की मायनं हे गाणं का रचलं. धाकटीच्या हातून निसटलेला दोर तिनं कुठून तरी, पार जपानातून ओढून आणला होता. माझे डोळे भरून आले, आणि मी सहसा रडणाऱ्यातली नाही. आमच्या घराला आयुष्यात एवढं चांगलं काही सुचलं असेल तर ते एवढंच.

कापसाची ओळ झाली आणि काकूनं झोक्याचा दोर धरला. काकू आता फार थकली आहे, तिला नीट दिसतही नाही. ती म्हणाली, "माय, गाऱ्हानं कोठी हाये?"

माय म्हणाली, "नही तिले गाऱ्हानं."

"मंग तिचे हात पाहा."

"आता जपानात कोन पाहीन तिचे हात?" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. माय हसली नाही. ती झोक्यावरून उतरली आणि पुढच्या रविवारी फोनवर तिनं पहिलाच प्रश्न केला, "बाई, तुले तरास काय हाये ते सांग." धाकटी म्हणाली, "समदं चांगलं हाये माय. डोंगरावर अजून बरफ हाये, पाहा." आणि तिनं फोन खिडकीकडे फिरवला.

एवढ्यावर हे राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण वहिनीनं झोक्यावरच्या मायचं मोबाइलवर चित्रण केलं होतं. ते गावात फिरलं, मग तालुक्यात. धुळ्यात खान्देशी गाण्यांचं रेकॉर्डिंग करणारा एक जण भावाच्या ओळखीचा होता, त्याला वास लागला. भाऊ मायला घेऊन आमच्याकडे देवपुरात उतरला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्या स्टुडिओत गेलो. एका खोलीला आतून गाद्या मारलेल्या होत्या. मायला खुर्चीवर बसवून गायला सांगितलं. तिला खुर्चीवर गाता येईना. ती पुढेमागे झुलायला लागली की आवाज माइकपासून लांब जायचा आणि तो माणूस काचेपलीकडून हात हलवायचा, हलू नका. शेवटी त्यानं मायच्या आवाजातली एक ओळ सुरुवातीला ठेवली आणि बाकीचं गाणं एका तरुण मुलीकडून म्हणवून घेतलं. चाल दुप्पट केली. डोंगर चढणारी ती माणसं आता उतारावरून पळत सुटली होती. व्हिडिओत पांझरेच्या काठी पोरी कागदी छत्र्या घेऊन नाचल्या. मागे कुणीतरी कुठलेतरी बर्फाचे डोंगर चिकटवले. ते हिदाचे तरी होते की नव्हते, देव जाणे.

मी तेव्हाच म्हटलं होतं की हे गाणं लोकांसाठी नाही. भाऊ म्हणाला, "आक्का, तू शाळेत शिकवलं तेवढं पुरे. दुनिया कोठी चालली ते पाहा." मी गप्प बसले नाही, पण माझं ऐकतो कोण.

त्यानंतरचं वर्ष सत्कारांचं. असोद्यात मायला शाल-नारळ, जळगावात एका सभागृहात शाल-नारळ. भावाच्या छातीवर बिल्ला, 'जपानकन्येचे बंधू'. गल्लीच्या तोंडाशी धाकटीचा फोटो असलेला फलक लागला. जी सांजोऱ्या तळत मागच्या दाराशी बसायची तिचा फोटो पुढारी लोकांच्या रांगेत. गावातल्या बायका आपल्या पोरींना सांगायला लागल्या, अशी व्हय. ज्या बाईनं झोका तिच्या हातून पुढे नेला होता तीच फलकाखाली उभी राहून फोटो काढून घेत होती. भावानं कार्यक्रमांसाठी स्पीकरचे मोठे खोके घेतले आणि ते ठेवायला जागा हवी म्हणून धाकटीची मागची खोली रिकामी केली. तिची खाट गच्चीवर गेली, पावसात भिजून तिचे पाय वाकडे झाले. "तिले काय आता ही खोली लागते?" तो म्हणाला. लंकेत सोन्याच्या विटा असतील तर असतील, पण इथली खाट कशाला फेकायची.

दुसऱ्या आखाजीला धाकटीला सुट्टी नव्हती. लिंबाखाली झोक्याऐवजी स्पीकर लागले आणि मायची गाणी त्या मुलीच्या आवाजात वाजली.

तिसऱ्या आखाजीच्या आधी, चैत्रात, मी माहेरी गेले होते. माय शेजारी गौराईच्या हळदीकुंकवाला गेली होती. भावाचा फोन वाजला. त्याचे हात केळीच्या चिकानं भरलेले होते म्हणून त्यानं स्पीकर लावला. धाकटीचा आवाज आला, रविवारचा नव्हे, वेगळा. "भाऊ, मी घरी येते. कायमची. माही कंबर गेली. दोन वर्षं झाली, मानसं उचलून उचलून मले आता वाकवत नही. ती म्हतारी बी मेली. अठी कोनी नही माहं."

भाऊ कितीतरी वेळ हाताचा चिक पुसत राहिला. मग म्हणाला, "आता कशी येशीन? चार ठिकानी कार्यक्रम ठरले. लोक काय म्हनतीन? म्हनतीन, तठूनबी पयून आली."

मग ती म्हणाली, "बरं." आणि फोन बंद झाला.

मी भावाला नाही नाही ते बोलले. माझ्या तोंडाची त्याला सवय आहे. तो ऐकून घेत होता आणि मग शांतपणे म्हणाला, "मंग तू ने तिले तुह्याकडे." मी म्हटलं, ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नाही, आमच्या दोन खोल्या, त्यात सुट्टीला मुलगा-सून येतात. आणि माहेर असताना तिनं बहिणीच्या दारात का राहावं? ही सगळी खरी कारणं होती. वहिनीनं चहा आणला. भाऊ म्हणाला, मायला सांगू नको, तिला ब्लडप्रेशर आहे. तेही खरं होतं. मी सांगितलं नाही.

आखाजी आली. उन्हानं लिंबाची पानंसुद्धा निपचित पडली होती. यंदा मायनं स्पीकर लावू दिले नाहीत. धाकटीच्या पाळीला ती उठली, पण झोक्यावर बसली नाही. तिनं वहिनीचा मोबाइल मागितला, धाकटीला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि तो फोन झोक्याच्या फळीवर उभा करून ओढणीनं दोराला बांधला. शेजारी ती लाल बाहुली बसवली. "काकू म्हनते तुहं गाऱ्हानं पाहिजे," ती फोनकडे बघून म्हणाली. "तूच गाय. तुही पायी हाये."

धाकटी निळ्या अंगरख्यात, कामाच्या कपड्यांत होती. ती कसनुशी हसली. "मी काय गाऊ माय?" मग तिचं लक्ष बाहुलीकडे गेलं. वहिनीनं बाहुली जरा फोनपुढे सरकवली तेव्हा ती तिला नीट दिसली असावी.

"हिले तोंड कोनी काढलं?"

"म्याच काढलं," माय कौतुकानं म्हणाली.

"मी तं बिनतोंडाची धाडेल होती." तिनं तोंड फोनजवळ आणलं. "हासती काढली?"

मायनं फळीला हलका झोका दिला. फोन वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. तिकडे तिला काय दिसत असेल, लिंब, आभाळ, आमची तोंडं, पुन्हा लिंब. आणि त्या म्हातारीच्या चालीवर, मूळच्या संथ चालीवर, तिनं सुरुवात केली.

बरफ नव्हे कापूस माय, बरफानं फुटे टाच,
खिडकीतून पाहेल गाव, त्याचाच केला नाच.

झोक्याखाली सगळ्या बिचकल्या. पण रीत ती रीत. आधी काकूनं ओळ झेलली, मग आम्ही. धाकटी थांबली नाही.

माय माही गाये गानं, भाऊ वाजवे ढोल,
घरी येऊ म्हने लेक, कोन ऐके बोल?

माय सगळ्यांत मोठ्यानं झेलत होती. तिला वाटत होतं लेक अखेर गायला लागली. 'घरी येऊ म्हने लेक' हे तिनं खणखणीत म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर तिला ते ऐकू आलं. तिचा हात झोक्यावरून सुटला. तिनं ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर पुरुष पत्ते खेळत होते. भावाच्या हातात पानं तशीच पंख्यासारखी धरलेली, पण कुणी डाव टाकत नव्हतं. झोका आपल्याच गतीनं हलत होता आणि त्यावरून आवाज येत होता.

गान्यात मले महाल देला, घरात नही खोली,
दोन्हीकडे सासर माय, कोठी उतरू डोली?

ही ओळ झेलायला कुणाचा आवाज निघेना. मायचा निघाला. तिनं एकटीनं ती पूर्ण म्हटली, शेवटच्या शब्दापर्यंत, भावाकडे पाहत. मग आम्ही सगळ्यांनी म्हटली. फलकाखाली फोटो काढणारी बाई म्हणाली, वहिनी म्हणाली. मी म्हटली. माझा तोल सुटला होता, पण आत कुठंतरी मी सावध उभी होते. माय झाली, भाऊ झाला, खोलीच्या निमित्तानं वहिनी झाली. आता माझी ओळ येणार. मी पदर सावरला.

झोका थांबत आला. धाकटीनं डोळे पुसले आणि ती म्हणाली, "झालं माय. माही पायी झाली." आणि फोन बंद केला.

रीतीप्रमाणे कुणी मनात धरायचं नसतं. मायनं मात्र धरलं. त्याच दिवशी दुपारी, भर उन्हात तिनं मागच्या खोलीतले स्पीकरचे खोके एकटीनं ढकलत अंगणात आणायला सुरुवात केली. शेवटी भावानंच मुकाट्यानं उरलेले उचलले. खोलीला चुना दिला, नवी खाट आणली. मायनं फोन करून सांगितलं, "खोली मोकयी हाये, ये." धाकटी म्हणाली, तिनं आणखी तीन वर्षांच्या कागदांवर सही करून टाकली. आता तिला उचलण्याचं काम देत नाहीत, स्वयंपाकघरात घेतलं आहे. तिचा आवाज चिडलेला नव्हता. चिडलेला असता तर मायला बरं वाटलं असतं. माय आता रोज ती खोली झाडते आणि दार उघडं ठेवते. हिदाचं एकही गाणं ती पुन्हा म्हणाली नाही. बाहुलीचं तोंड तिनं ओल्या फडक्यानं पुसायचा प्रयत्न केला, पण काजळ कापडात मुरलं होतं. आता तिथं एक काळसर डाग आहे.

भाऊ कार्यक्रमांना जायचा बंद झाला. पण गाणं काय, एकदा सुटलं ते सुटलं. गणपतीत वाजतं, वरातीत वाजतं, देवपुरातल्या हळदीत वाजतं. दुरून डोंगर साजरे असं मी वर्गात किती वर्षं मुलांकडून वाक्यात उपयोग करून घेतला. आता खिडकीखाली लोक त्या डोंगरांवर नाचतात आणि मी पोळ्या करपवते.

परवा डीजे बंद झाल्यावर मला राहवलं नाही. मी धाकटीला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झालं, ह्यांची तब्येत तिनं विचारली, मी तिची कंबर विचारली. मग मी हसत हसत, सहज म्हणून विचारलं, "काय गं, आखाजीले समद्यायचं गाऱ्हानं गायलं. माय झाली, भाऊ झाला. माह्यावर एक बी ओय नही?"

ती खरोखरच विचारात पडली. इतका वेळ ही गोष्ट तिच्या मनातही आली नसावी. मग म्हणाली, "तुह्यावर काहून गाऊ, आक्का? तुले मी काही मांगेलच नव्हतं."

तिकडून भांड्यांचा आवाज येत होता. तिची कामाची पाळी सुरू व्हायची होती, म्हणून तिनं फोन ठेवला.